गंजकी तलवार

“बाबा, मी अंघोळ करून येते. वीरावर नुसती नजर ठेवा. बटणं दाबू नका,” असं बजावून चिमी न्हाणीघरात गेली.

टीव्हीवरच्या खेळात तिचा वीर एका दुकानापुढे ताटकळत उभा. महिनाभर खेळून तिनं त्याच्याकडून रानं तुडवून घेतली, गुहा धुंडाळून घेतल्या. पण दगडी राक्षसाच्या अलीकडे एक दरी होती, तिच्यात तो रोज पडायचा. आज मैत्रीण बघायला येणार होती. आजही पडला तर वर्गात चिमीचं नाव ‘धपाधप’ पडणार, हे ठरलेलं.

चिमीचा बाप भंगारवाला. गल्लीत सगळे त्याला शेठ म्हणायचे. त्याची नजर वीराच्या फुगलेल्या पिशवीवर गेली. ढाल, चिलखत, नाही नाही ते टोप, आणि एक गंजकी तलवार. गंज दिसला की शेठच्या हाताला खाज सुटते. अंगठा बटणावर कधी गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तलवार विकली गेली.

दुकानदाराखाली अक्षरं उमटली: ‘आभारी आहे. दगडी राक्षस फक्त याच तलवारीनं पडतो.’

“लबाडा, हे आधी सांगायचं,” शेठ म्हणाला.

परत घ्यायला गेला तर दुकानदारानं दसपट भाव लावला. शेठनं उभ्या जन्मात सांगितला तो भाव दिला नव्हता.

“जरा कमी कर. रोजचं गिऱ्हाईक आहे.”

‘दसपट.’

“बरं, तुझंही नको, माझंही नको. मधलं बोल.”

दुकानदार नुसता हसतोय. तसूभर हलेना.

“कोणाशी बोलताय हो?” आतून बायकोनं विचारलं.

“धंद्यातला माणूस आहे. चांगलाच मुरलेला आहे.”

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. शेठनं पटापट बटणं दाबली. त्यानं ढाल विकली, चिलखत विकलं, टोप, बूट, अंगातला सदरासुद्धा विकला, तेव्हा कुठे तलवार हातात आली. चिमी डोकं पुसत बाहेर आली, तर वीर पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उभा.

“बाबा.”

“उकडत होतं त्याला.”

चिमीचे डोळे भरून आले, तेवढ्यात मैत्रीण येऊन टेकली आणि वीराला बघून पोट धरून हसायला लागली. आता खेळण्यावाचून इलाज नव्हता. चिमीनं नाक ओढलं आणि वीराला दरीकडे पळवलं. शेठनं डोळे गच्च मिटले.

धप आवाज काही आला नाही.

“पलीकडे गेला,” मैत्रीण म्हणाली. “अगं, इतके दिवस ओझ्यानं पडत होता तो.”

उघडा वीर वाऱ्यासारखा सुटला. गंजक्या तलवारीचे दोन तडाखे बसले आणि राक्षसाचा मुरूम झाला. चिमीनं बापाच्या गळ्यात हात टाकले. शेठच्या जिवात जीव आला, आणि त्याच्या मागोमाग तोराही आला.

“ओझं टाकलं की माणूस पार होतो. मी काय उगाच विकलं?”

“छान,” बायको दारात येऊन म्हणाली. “मग भाव चढेल चढेल म्हणून अंगणात वर्षभर ठेवलेला तो गंजका ढीग उद्या विका. पाय ठेवायला जागा नाही.”

शेठनं खिडकीतून ढिगाकडे बघितलं. त्याला तो हसरा दुकानदार आठवला.

“घाई नको,” तो हळूच म्हणाला. “त्यात एखादी तलवार असली तर?”