तायडे काकांचा चांदण्यांचा सेंट

माझ्या बहिणीला बघायला वलगावहून पाहुणे आले होते. चहा सुरू होता. शेजारचे तायडे काका मुलाचा चेहरा बराच वेळ निरखत होते. अचानक म्हणाले, "पस्तीस. सत्तरपैकी पस्तीस."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"दादा, पस्तीस म्हंजे लय झाले!" काका समजावू लागले. "पोरगा चाळीस गुणांचाच हाय. पण गालावर खड्डे हायेत ना, त्याचे पाच कापले."

स्थळ अर्थातच गेलं. लोक काहून रागावले, हे काकांना आजही कळलेलं नाही.

तायडे काका भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले. आयुष्यभर शेतांच्या मोजण्या केल्या आणि म्हातारपणी नाद लागला तो अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांचा. अमरावतीत बसून अमेरिकेची नाणी कशाला, असं मी अनेकदा विचारलं आणि दर वेळी उत्तर ऐकून जास्तच गोंधळलो. नाण्याला गुण सत्तरपैकी. शंभरपैकी का नाहीत? "नाही म्हंजे नाही!" बारा गुणांचं नाणं चांगलं. घासून चकचकीत केलेलं मात्र बाद. १७९४ सालच्या सेंटवर, म्हणजे तिकडच्या पैशावर, एका बाईचं डोकं आहे. तेव्हा ठसे हातानं कोरत, म्हणून एकाच वर्षात तिच्या केसांचे पन्नासच्या वर प्रकार. काका भिंगाखाली एकेक बट दाखवायचे. मला सगळीकडे तीच बाई दिसायची, नुकतीच झोपेतून उठलेली.

त्यातल्या एका दुर्मिळ प्रकारात मागच्या बाजूला कडेनं चौऱ्याण्णव बारीक चांदण्या आहेत. त्या कशासाठी कोरल्या, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

हा नाद काकांना लावला अकोल्याच्या शेगोकारांनी. ते घड्याळं दुरुस्त करायचे. दर रविवारी काका एखादं नाणं घेऊन एसटीनं त्यांच्याकडे जात. शेगोकार प्रत्येक नाण्यात चांदण्या शोधत, काका "नाहीत" म्हणत, आणि दोघं भांडत.

मागच्या रविवारी काकांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी सोबत गेलो. दार उघडलं ते भिंत चाचपत आलेल्या शेगोकारांनी. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली होती, हे मला तिथंच कळलं.

"आणलं का बे तायड्या?"

काकांनी डबीतून नाणं काढलं. ते मी घरी पाहिलेलं होतं. कडेला गंजानं खरबरीत झालेलं, साधं. मला कधी बोट लावू न देणाऱ्या काकांनी ते सरळ शेगोकारांच्या घामेजल्या तळहातावर ठेवलं. शेगोकारांचा अंगठा कडेवरून सावकाश फिरला आणि थांबला.

"तायड्या... चांदण्या हायेत रे."

आता भांडण होणार, म्हणून मी खुर्ची मागं सरकवली. काकांनी भिंग डोळ्याला लावलं.

"हायेत," ते म्हणाले.

"नीट पाह्य! उगाच मले बरं वाटावं म्हनून सांगू नको."

"पाहूनच तं राह्यलो. ही एक, ही दुसरी. इथं थोड्या झिजल्या. मंग पुन्हा साफ." काका एकेक चांदणी सांगत गेले. शेगोकार मान हलवत ऐकत होते आणि त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी दोनदा वाकून पाहिलं. मला गंजच दिसत होता. पण मला बाईचे केसही कधी कळले नव्हते.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काका, खरंच होत्या का चांदण्या?"

काका माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी असा घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

"त्याले जे पाह्यजे होतं ते तं आज सापडलं," ते म्हणाले. "आता पुढच्या रविवारी काय घेऊन जाऊ रे मी?"