हैबतराव ओरडत नाहीत तेव्हा

हमरापूरच्या आपल्या गणपतींच्या कारखान्यात हैबतराव ओरडायचे आणि काम चालायचं. रंग सांडला की ओरडायचे, आणि नाही सांडला तर "सांडाल मेल्यांनो" म्हणून आधीच ओरडून ठेवायचे. सीझन तोंडावर आला तशी त्यांना चक्कर यायला लागली. मग बायकोने, म्हणजे सरूवहिनींनी, त्यांना ओढतच पेणच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून दोनदा फुगवला. "एकशे ऐंशी! हे हृदयावर येईल. कामाचा ताण नको आणि ओरडणं एकदम बंद."

"मग गणपती व्हायचे कसे?"

"ते होतील हो. तुम्ही राहिलं पाहिजे."

सरूवहिनींनी वाटेतच शपथ घातली. हैबतरावांनी गोळी सुरू केली आणि तोंड बंद केलं. कारखान्यात मात्र कुणाला काही सांगितलं नाही. मालक आजारी म्हटलं की व्यापारी दुसरा कारखाना बघतात.

पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, घरी भांडण झालं असेल. दुसऱ्या दिवशी रंगकाम करणाऱ्या नमिताच्या हातून सोनेरी रंगाचा अख्खा डबा सांडला. ती डोळे मिटून उभी राहिली. हैबतराव आले, रंगाकडे बघून कसनुसं हसले आणि "असू दे" म्हणून निघून गेले.

"गो बाय, कारखाना इकला यांनी!" नमिता म्हणाली. "दुसऱ्याचा रंग सांडला की मानूस असाच हसतो."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखाना विकला गेला होता आणि चहापर्यंत तिथे गोदाम उभं राहिलं होतं. सगळ्यांना नोकरीची काळजी लागली. जनूला सगळ्यात जास्त. मूर्तींचे डोळे आखणारा तो एकटाच, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचा ट्रक यायचा होता. त्याच्या थरथरत्या हाताखालचा गणपती एका डोळ्याने उंदराकडे आणि दुसऱ्याने कोलाडकडे बघायला लागला.

"शेठ, ह्यो असा झाला," जनू शिव्या खायच्या तयारीने म्हणाला.

हैबतरावांच्या मानेवरची शीर उडायला लागली. दारात सरूवहिनी उभ्या होत्या. हैबतरावांनी शिवी गिळली. "छान आहे."

झालं! जनूने ब्रश धुतले आणि फडक्यात गुंडाळले.

"कुठे रे?"

"धाटावला. कंपनीत हेल्पर घेतायत."

"अरे, उद्या ट्रक येतोय! अर्ध्या गणपतींना अजून डोळे नायत!"

"तुमाला काय त्याचं? इतकी वर्सं मला गाढव म्हणलात. आज देवाला तिरळा केला तरी गाढव नाय म्हणलात. म्हंजे मी आता तुमचा कोनी नाय." जनू दाराकडे निघाला.

हैबतरावांना खरोखर भरून आलं. आपल्या शिव्या कुणी इतक्या मायेने सांभाळल्या असतील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं. मग सरूवहिनींकडे चोरून बघत, जनूच्या कानाशी तोंड नेऊन ते अगदी हळू म्हणाले, "गाढवा, बस."

जनू बसला. त्याचा हात स्थिर झाला आणि पुढच्या मूर्तीचे डोळे असे उतरले, की सरूवहिनींनी हात जोडले.

"शेठ, आमाला?" मागून कुणीतरी विचारलं.

हैबतराव प्रसाद वाटावा तसे एकेकापाशी फिरले. कुणाला आळशी, कुणाला बिनडोक, सगळं कानात आणि हळू. ज्याला मिळालं तो निवांत होऊन कामाला लागला. नमिताला "वेंधळी" मिळालं आणि तिथे गाडं अडलं.

"नुसतं वेंधळी? जनूला गाढव नि मला वेंधळी? अख्खा डबा सांडला मी!"

"मी तर कायच सांडलं नाय, मंग मी बिनडोक कसा?" पॉलिशवाला उठला.

"म्हणूनच बिनडोक," जनूने आगाऊपणा केला.

ब्रश खाली पडले, जो तो आपली शिवी दुसऱ्याच्या शिवीशी ताडून बघायला लागला. हैबतरावांनी हात जोडले, विनवलं, ट्रकची आठवण करून दिली. कुणी ऐकेना.

"गप्प बसा, गाढवांनो! सगळेच्या सगळे!"

वरचे पत्रे हादरले. मग सगळ्यांनी समाधानाने माना खाली घातल्या आणि ब्रश भराभर चालायला लागले.

सरूवहिनी गोळी आणि पाणी घेऊन धावत आल्या. "मोडलीत ना शपथ?"

हैबतराव मटकन खाली बसले. त्यांनी गोळी गिळली आणि काळजीने हळूच विचारलं, "सगळ्यांना सारखं मिळालं ना?"