गायिकेचं मौन

माझ्याइतक्या एकाग्रतेनं संगीत ऐकणारा माणूस तुम्ही दिवा घेऊन शोधलात तरी सापडणार नाही! हे मी गर्वानं सांगत नाही. गर्वाला जेवढी छाती लागते तेवढी माझ्याकडे नाही. मी एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत घरांचे नकाशे काढतो. इतरांच्या खोल्यांत ऊन कुठून येईल याची दिवसभर काळजी वाहतो, आणि कानात गाणं लावून स्वतः कोपऱ्यातल्या टेबलाशी सावलीसारखा बसतो.

दर रविवारी सकाळी चष्म्याच्या एका दुकानामागच्या खोलीत आम्ही काही संगीतवेडे जमतो. दुकानाचे मालक चष्मेकाका हे मंडळाचे प्रमुख. शिवाय भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर, बेकरीवाल्या काकू, आणि ती. ती लोकांचे पियानो सुरात लावून देते. तिचं पोट तिच्या कानांवर चालतं. मंडळाचा नियम साधा आहे: पाळीपाळीनं एकानं सध्या आवडत असलेला अल्बम सुचवायचा, आणि बाकीच्यांनी तो आठवडाभर ऐकून फोनवरच्या गटात अभिप्राय लिहायचा. वर्षभर मी माझी पाळी चुकवत आलो होतो. तिच्यासमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला पोस्टाच्या तिकिटासारखी चिकटते!

पण त्या रविवारी माझ्या हाती हुकमाचा एक्का होता. कुठल्याशा परक्या भाषेतला एक जुना अल्बम मला सापडला होता. मुखपृष्ठावर गायिका आ वासून उभी होती आणि खाली ठळक अक्षरांत तिचं नाव होतं. आत मात्र ती एक अक्षरही गात नव्हती! नुसती वाद्यं. तीही मध्येच थांबत, जणू कुणाची तरी वाट पाहत. त्या थांबण्यानं माझ्या काळजाला घरं पडली. मी उभा राहिलो आणि डोळे मिटून म्हणालो,

“ही गायिका गात नाही. गाण्याच्या उंबरठ्याशी येऊन ती माघारी वळते. हा अल्बम म्हणजे तिनं पाळलेलं मौन आहे.”

“व्वा!” चष्मेकाका म्हणाले. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं! चक्क पाहिलं! मी घरी कसा पोचलो, मला आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी चष्मेकाकांनी गटात लिहिलं, “काय ते मौन! अंगावर काटा आला.” मास्तरांनी लिहिलं, “अशी निःशब्दता आता राहिली नाही.” काकू म्हणाल्या, “मला तर रडूच फुटलं. पावांची एक खेप करपली.” मी ढगात होतो.

मग तिचा निरोप आला. “माफ करा, पण माझ्या अल्बममध्ये एक बाई गातेय. सुरुवातीपासून. चांगली खणखणीत.”

“तुमचं यंत्र बिघडलं असेल,” चष्मेकाकांनी कळवलं. “चष्मा चुकीचा असला की एकाचे दोन दिसतात, तसंच हे.”

तिनं नवे हेडफोन घेतले. बाई गातच होती. तिनं फोन बदलून पाहिला. बाई गातच होती! अखेर शनिवारी सकाळी ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली आणि तिथून परतल्यावर तिनं लिहिलं,

“कान साफ करून आले. आता ती बाई आणखी मोठ्यानं गातेय.”

खाली आणखी एक ओळ होती. “ज्याला असलेलं ऐकू येत नाही त्याला बहिरा म्हणतात. नसलेलं ऐकू येणाऱ्याला काय म्हणायचं? उद्या दुपारी सभागृहातल्या पियानोचं काम होतं. नाही म्हणून कळवावं म्हणते. माझ्या कानांचा मलाच भरवसा उरला नाही.”

सोफ्यावर बसून मी तोच अल्बम पुन्हा लावला, मौन शाबूत आहे ना हे तपासायला. होतं. शेजारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ताई बसली होती. माझी थोरली बहीण. माझ्या खांद्यावरून लोंबणारं इयरफोनचं उजवं बोंड तिनं सहज उचललं आणि स्वतःच्या कानात घातलं.

“अरे, कोण रे ही? काय गळा आहे बाईचा!”

“कोण बाई?”

“ही गातेय ती! तुला ऐकू येत नाही?”

इथे मला एक खुलासा करणं भाग आहे. मी संगीत नेहमी डाव्या कानानं ऐकतो. उजवा कान मोकळा ठेवतो. न जाणो, कचेरीत साहेबांनी हाक मारली, घरी ताईनं मारली, रस्त्यात एखादी गाडी मागून आली, तर? बालपणापासून मला वाटत आलं आहे की कुणीतरी मला हाक मारणार आहे आणि ती नेमकी माझी चुकणार आहे. म्हणून माझा एक कान संगीताला वाहिलेला आणि दुसरा काळजीला. आणि हा अल्बम होता जुन्या काळातला! वाद्यं सगळी डाव्या बाजूला, गळा सगळा उजव्या बाजूला.

“म्हणजे अर्धाच अल्बम ऐकून तू लोकांना भाषण दिलंस?” ताई म्हणाली.

“भाषण नव्हतं गं ते. मनोगत होतं.”

“मग आता कबुलीही दे. बिचारी कान कोरून घेतेय तिकडे!”

मी निरोप लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. खरं सांगावं तर मी मूर्ख ठरणार, आणि मला दुजोरा देणारी तीन वडीलधारी माणसं खोटी ठरणार! न सांगावं, तर तिचे कान जाणार. रविवार उजाडला तेव्हा मी धुऊन पिळलेल्या फडक्यासारखा झालो होतो.

खोलीत शिरलो. ती कोपऱ्यात, फोन हातात धरून. सभागृहवाल्यांचा नंबर समोर होता. तिचा अंगठा हलला आणि माझ्या तोंडून शब्द निसटले,

“थांबा! बाई गातेय!”

सगळे वळले. मी एका दमात सारं ओकलो: डावा कान, उजवा कान, साहेब, ताई, सगळं. शेवटी शांतता पसरली. या खेपेला खरी.

चष्मेकाकांनी स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला. “त्याचं काय आहे... आठवडाभर दुकानात फार गर्दी. ऐकायचा राहूनच गेला.”

“मी ऐकला होता,” मास्तर म्हणाले, “बाई गातही होती. पण काका मौन म्हणाले. म्हटलं, वय झालं आपलं.”

“आणि काकू, तुम्ही तर रडलात!”

“रडले ना! पण तो दुसराच अल्बम निघाला,” काकू म्हणाल्या. “पाव मात्र खरंच करपले हो.”

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “डॉक्टरांनी माझ्या कानात चिमटा घातला. चिमटा!”

“माफ करा,” मी जमिनीला म्हणालो.

मग ती हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिनं सभागृहात फोन करून “येतेय मी, आत्ताच निघते” असं ठणकावलं, आणि आपले नवेकोरे हेडफोन माझ्या फोनला जोडून माझ्या डोक्यावर चढवले. “आता बसा. दोन्ही कान!”

आणि मी ऐकलं. ज्या ज्या जागी वाद्यं थांबत होती, त्या त्या जागी ती बाई होती. ती वाट पाहणं नव्हतंच; ते वाट करून देणं होतं! माझे डोळे मिटले. मान आपोआप डोलू लागली, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. मध्ये एकदा डोळे किलकिले झाले तेव्हा ती दारात उभी दिसली. खांद्याला पिशवी होती, ओठ हलत होते. मी कृतज्ञतेनं पाहिलं आणि डोलत राहिलो. पुन्हा डोळे उघडले तेव्हा दार रिकामं होतं.

मी हेडफोन काढले. तिघंही माझ्याकडे पाहत होते, करपलेल्या पावाकडे पाहावं तसे.

“अरे वेड्या, तिला नकार का दिलास?” काकू म्हणाल्या.

“कशाला नाही म्हणालो?”

“ती म्हणाली, सभागृहात येता का सोबत? पियानो लावताना कुणीतरी ऐकणारं असलं की बरं वाटतं. दोनदा विचारलं बिचारीनं. आणि तू ही एवढी मान हलवतोयस!”

मी धावत रस्त्यावर आलो. रिक्षा वळणापलीकडे गेली होती. हातात तिचे हेडफोन होते, आणि आत ती बाई अजून खणखणीत गात होती.

उजवा कान मी जन्मभर मोकळा ठेवला होता, मंडळी. एका हाकेसाठी!