कारले सापडेपर्यंत मुदतवाढ

हौसा सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझी दाढी अर्धीच झालेली होती. सावेडीतल्या नेहमीच्या सलूनमध्ये मी मान मागे टाकून, डोळे मिटून बसलो होतो. दार ढकलून एक ठेंगण्या, साठी उलटलेल्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसलेल्या बाई आत आल्या. पुरुषांच्या सलूनमध्ये बाई म्हटल्यावर बाकावरच्या मंडळींनी उगाचच पाय जवळ घेतले. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ कारागिराला विचारलं, "पात्याचा कागद कुठं हाय?"

"कसला कागद?"

"ह्या भाऊंच्या गळ्यावर जे पातं फिरवतूस ते नवं आसंल, तर त्याचा कागद आसंल. दाव."

कागद निघाला नाही. मग बाईंनी ते पातं त्याला मोडायला लावलं, नवं उघडायला लावलं, त्याचा कागद पुरावा म्हणून माझ्या मांडीवर ठेवला आणि "आता करा निवांत, ज्याचं पातं त्याला," असं म्हणून निघून गेल्या. "कोण या?" मी वाळत्या फेसातून विचारलं. "तुमच्याच सोसायटीत राहायला आल्यात," कारागीर म्हणाला. जणू मीच त्यांना पाठवलं होतं!

मी आमच्या सोसायटीचा सचिव. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालो, पण लिहायची खोड जाईना, म्हणून सूचना फलक ताब्यात घेतला. पाण्याची टाकी, भटकी कुत्री, गच्चीवरचे पापड, सगळ्यांवर माझ्या सूचना आहेत. लोक त्या वाचत नाहीत, पण माझं अक्षर फार सुरेख आहे.

सिस्टर मूळच्या जामखेडकडच्या. तीसेक वर्षं जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत काढलेली. "मालक लौकर गेले, मूलबाळ न्हाई," एवढं त्या एका दमात सांगत आणि पुढच्याच वाक्यात सुईवर येत. जगातली निम्मी दुखणी एकाची सुई दुसऱ्याला टोचल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत. उरलेली निम्मी डॉक्टरांमुळे.

कान टोचायच्या कार्यक्रमाला त्यांना कुणी बोलावत नसे. त्या येत. सोनारानं पुडीतून तार काढली रे काढली की त्या ती हातात घेऊन उकळत्या पाण्याची चौकशी करीत, आणि बाळाच्या आधी सोनार रडकुंडीला येई. जत्रेत गोंदणाच्या मशीनपाशी त्या रांगेच्या तोंडाशी उभ्या राहत. दंडावर 'आई' गोंदवून घ्यायला आलेल्या एका दांडगट गड्याला त्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "आईचं नाव गोंदतूस आन परक्याची कावीळ घरी नेतूस व्हय रे? आई काय म्हनंल?" तो बिचारा 'आ' वरच उठला. गोंदणवाल्यानं वैतागून दुकान जत्रेच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. सिस्टर तिथे त्याच्या आधी पोचल्या होत्या.

माझ्यावरही पाळी आलीच. आमच्या हिला साखरेचा त्रास, इन्सुलिनची सुई मी एकच आठवडाभर पुरवायचो आणि मग कचऱ्यात टाकायचो. एके सकाळी सिस्टर झाडूवाल्या मीराबाईंचा हात धरून माझ्या दारात उभ्या. मीराबाईंच्या बोटाला कचरा भरताना सुई लागलेली.

"ही तुमची आसंल, न्हाईतर मागल्या जिममधल्या पोरांची. कुनाची का आसंना, हिचा काय गुन्हा?"

मी बोटाकडे पाहिलं आणि मला खरोखर लाज वाटली. सिस्टरांनी मीराबाईंना सिव्हिलला नेलं, तपासण्या केल्या, पुन्हा पुन्हा करायला लावल्या. सुदैवानं काही निघालं नाही. पण त्या दिवसापासून सिस्टर स्वस्थ बसेनात. आठ दिवसांनी मला म्हणाल्या, "शेक्रेटरी भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय. एक पाटी लिवून द्या."

मी लिहून दिली. 'जुनी सुई टाका, नवी घ्या. नाव नको, गाव नको, भाषण नाही. वेळ चार ते सहा.' मला वाटलं, साखरवाल्यांची सोय. उत्साहाच्या भरात मी खाली वेलबुट्टीही काढली.

तळमजल्याच्या त्यांच्या खिडकीत जाड पांढरी पेटी बसली. टाकलेली सुई आत जाते, बाहेर येत नाही, अशी. एक संस्था नव्या सुया पुरवायची आणि भरलेली पेटी दवाखान्यात नेऊन नष्ट करवायची, सगळं सरकारी रीतसर. पहिल्या संध्याकाळी खिडकीशी साखरवाला एकही आला नाही. आले ते जिममधले फुगीर दंडांचे चौघे, दोन टेम्पोवाले आणि डोळे खोल गेलेला एक माणूस, ज्याला पाहून आमचे अध्यक्ष देशमुख साहेब स्वतःच्याच फ्लॅटमध्ये शिरायचं विसरले.

जिमवाल्यांना सिस्टरांनी पहिल्याच दिवशी धरलं. दम वाढावा, दंड फुगावेत म्हणून हे चौघे कसलंसं इंजेक्शन घेत आणि चौघांत सुई एक. त्यात त्यांना अभिमान. "आम्ही जिगरी आहोत सिस्टर, एका ताटात जेवतो."

"जेवा की. लई चांगलं हाय. ताटानं काय हुत न्हाई. पन सुई म्हंजी ताट न्हवं. जिगरी हायसा ना? मंग आपलं रगत दोस्ताला कशापायी पाजतासा?" चौघांना चार सुया देऊन वर त्यांनी चहा पाजला. ते औषध काळजाला काय करतं हेही सांगितलं, पण चहा संपल्यावर, आणि त्यांनी विचारलं तेव्हाच. भाषण नाही, हा नियम त्या स्वतःपुरताही कडक पाळत.

नाव विचारायचं नाही आणि नोंद तर ठेवायची, म्हणून वहीत प्रत्येकाला एक भाजी दिलेली. दोडका, वांगं, ढेमसं, जिममधल्या सगळ्यांत मोठ्याला भोपळा. त्यांना ही नावं ठाऊक होती. ढेमशानं एकदा तक्रारही केली की मला भेंडी करा. "भेंडी गेलीया," सिस्टर म्हणाल्या.

आणि कारलं. कारलं म्हणजे एक टेम्पोवाला, तिशीचा, कायम कडू तोंडाचा. दोन वर्षं दर मंगळवारी आला. मोजून दोन शब्द बोलायचा, "घ्या" आणि "द्या". एकदा त्याच्या दंडाला गळू झालं तर सिस्टरांनी पंधरा दिवस पट्ट्या केल्या. नशा सोडायचं औषध कुठे मिळतं हे त्यानं एकदाच, खिडकीकडे पाठ करून विचारलं होतं. सिस्टरांनी तितक्याच आडून सांगितलं होतं. शेवटच्या मंगळवारी तो तापानं फणफणलेला होता. "उद्या दवाखान्यात चल, मी संगं येते," असं सिस्टर म्हणाल्या. तो "बघू" म्हणाला आणि त्यानंतर आलाच नाही.

इकडे सोसायटीत वातावरण तापलं. पत्ता बदनाम होतो, असल्या लोकांना उत्तेजन मिळतं, उद्या आमची मुलं खिडकीशी उभी राहतील. सगळ्यांत जास्त बोलणी मला, कारण पाटी माझ्या अक्षरात, वेलबुट्टीसकट. सभा बोलावली. मीही घाबरटच. मीच ठराव मांडला की पेटी काढावी.

सिस्टर उठल्या. मला वाटलं, आता सगळ्यांचे कागद मागतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "जागा तुमची हाय, तुमी म्हनाल तसं. पन माझं एक मानूस यायचं राह्यलंय. महिना झाला, कारल्याचा पत्ता न्हाई. आजारी हुता. त्यो आला आन पेटी दिसली न्हाई, तर दुसऱ्याची सुई घील. त्यो जित्ता हाय एवढं मला कळू द्या. दुसऱ्या दिवशी पेटी उचलते. शब्द देते."

एका भाजीसाठी सभा अडली. बरीच चर्चा होऊन मी इतिवृत्तात लिहिलं, 'सर्वानुमते ठरले की कारले सापडेपर्यंत पेटीस मुदतवाढ देण्यात यावी. शोधकार्यात सचिवांनी साहाय्य करावे.' माझ्या आयुष्यात मी याहून विचित्र ठराव लिहिलेला नाही.

मग सुरू झाला शोध. नाव नाही, गाव नाही. स्कूटरवर मागे सिस्टर आणि पुढे मी, असे आम्ही टेम्पोच्या अड्ड्यांवर हिंडलो. "कडू तोंडाचा टेम्पोवाला पाहिलात का?" मी विचारी, आणि तिथले सगळेच कडू तोंडानं माझ्याकडे बघत. सिव्हिलच्या वॉर्डाच्या दारातून सिस्टर एकेक खाट न्याहाळत. चौकाचौकातले फ्लेक्स तर आम्ही पाठ केले. आधी श्रद्धांजलीचे, ते त्या श्वास रोखून वाचत. मग वाढदिवसाचे. एकेका फ्लेक्सवर चाळीस-चाळीस शुभेच्छुकांचे फोटो, सगळे कानाला मोबाईल लावलेले. उन्हात उभं राहून सिस्टर ओळीनं बोट फिरवीत, "हा न्हाई. हा न्हाई. हा तर ढेमसं."

असे दोन महिने गेले. एका दुपारी त्या भाचीच्या साखरपुड्याला जामखेडला निघाल्या आणि मी त्यांना माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता, म्हणून रसवंतीत बसलो. समोरच्या बाकावर एक माणूस, त्याची बायको आणि मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. मुलगी रस सांडत होती आणि बाप हसत होता. सिस्टरांचा ग्लास तोंडापाशीच थांबला.

"त्योच," त्या पुटपुटल्या.

मी ताडकन उठलो. दोन महिने हिंडलो होतो, मला नुसतं "कारलं!" असं ओरडायचं होतं. सिस्टरांनी माझं मनगट असं धरलं की मी खाली बसलो.

"बसा. वळख दाखवायची न्हाई."

त्यानंही पाहिलं होतं. त्याचं हसू जागच्या जागी विरलं, चेहरा उतरला, आणि त्यानं चटकन बायकोकडे पाहिलं. सिस्टरांनी सरळ त्याच्याकडे पाठ केली आणि रसवंतीवाल्याशी बर्फ कुठल्या पाण्याचा यावरून भांडण काढलं. चांगलं दणक्यात. ते आटोपेपर्यंत तिघं उठले. तो आमच्या बाकाला लागून गेला. थांबला नाही. मुलीनं मात्र बापाच्या खांद्यावरून सिस्टरांना टाटा केला.

ते दिसेनासे झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आंगानं भरलाय. आन बाह्या दुमडल्या हुत्या, बघितलं का भाऊ? दोन वरीस ऐन उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून यायचा. सुटलं त्याचं. नक्की सुटलं."

"मग निदान एक शब्द तरी बोलायचा त्यानं," मी म्हणालो. मला राग आला होता.

"कसा बोलंल? बायकू संगं हाय." त्या ग्लासकडे बघत होत्या. "दवाखान्यात हुते तवा बरं झालेलं मानूस पेढं घिऊन यायचं. हितं बरं झालेलं मानूस मला वळखतच न्हाई. वळखू बी नये, मला पटतंय त्ये. पन भाऊ, खिडकी लावली सहाला की मंग घरात कुनीच नसतंय बघा. मंग एकेक आठवतो. कोन सुटला, कोन मेला, काय कळत न्हाई. आज एकाचं तरी कळलं." पदरानं डोळे पुसून त्या हसल्या. "चला. जामखेडास्नं आले की पेटी उचलते. शब्द दिलाय."

गाडी लागली. खिडकीतून त्या मला उगाचच रागावत राहिल्या की हेल्मेट नीट बांधा. परत येताना मला वाईट वाटत होतं, आणि पेटी काढायच्या ठरावाचा मीच सूचक होतो याचं जास्त वाटत होतं.

पुढच्या रविवारी सभा भरली. देशमुख साहेबांनी घसा साफ करून विचारलं, "हं, कारल्याचं काय झालं? सापडलं का?"

मागच्या रांगेत सिस्टर उठायला लागल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. तेवढ्यात मी उभा राहिलो.

"नाही सापडलं," मी म्हणालो. "खूप शोधलं. शोध चालू आहे. ठरावाप्रमाणे मुदतवाढ चालू ठेवावी, असं मी सुचवतो."

सिस्टर अर्ध्या उठल्या होत्या, तशाच राहिल्या. आयुष्यभर चार्टवर खोटी नोंद न केलेली बाई माझ्याकडे बघत होती. मी वहीत मान घातली.

"अनुमोदन कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

मागून "माझं," असं ऐकू आलं. मी वर पाहिलं. हौसा सिस्टरांनी हात वर केला होता.