आठ पाली आणि एक नीरफणस

"गोधडीवर पाय असलेलं काही शिवायचं नाही," वाइनानी आंटींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "पान शीव, फूल शीव, फळ शीव. पाय असलेलं शिवलंस, तर कुणाचं लक्ष नाही असं बघून ते चालायला लागतं."

नोहेआ हसली होती. ती जीवशास्त्र शिकलेली. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात आधी थर्मामीटर बुडवणारी. काएओ जास्तच शांत झोपला तर त्याच्या नाकापुढे बोट धरणारी, आणि त्या बोटाने तो जागा होऊन रडला की सुटकेचा श्वास टाकणारी. जगातल्या यच्चयावत गोष्टींची तिला धास्ती. कापडाच्या पालींची तेवढी नव्हती.

काएओचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता. खड्ड्यात डुक्कर भाजलं जाणार, अर्धं हिलो गाव जेवायला येणार, आणि त्या दिवशी आईच्या हातची गोधडी पोराच्या अंगावर हवीच. आंटी म्हणजे नवऱ्याची आत्या, पलीकडच्याच घरातली. "शिकणारणीची पहिली गोधडी नीरफणसाची," त्या म्हणाल्या. "म्हणजे पोराला खायला कधी कमी पडत नाही."

हिरव्या कापडाची आठपदरी घडी घालून, तिच्यावर खडूने फळ नि पानं काढून देऊन आंटी खुर्चीतच डुलक्या घेऊ लागल्या. घरोघरी तेच नीरफणस! नोहेआने मोकळ्या जागेत हळूच एक इवलीशी पाल काढली. एकच. काएओ भिंतीवरच्या पालींना हाका मारायचा म्हणून. कात्री चालवली, घडी उलगडली, आणि तिला घाम फुटला. आठ पदरांत एक पाल कापली की आठ निघतात. फळाभोवती फेर धरून आठही जणी तिच्याकडे बघत होत्या.

"ही कसली पानं गं?" आंटी जाग्या झाल्या.

"नवीन जात आहे, आंटी."

"पानाला बोटं?"

दुसरं कापड नव्हतं, वेळही नव्हता. आंटी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पाळण्याकडे बघत राहिल्या.

नोहेआने कडा सुईने आत दुमडत सगळं पांढऱ्या कापडावर शिवलं. काएओला गोधडी इतकी आवडली की तिच्याशिवाय तो डोळा मिटेना. आणि एका दुपारी, तो झोपलेला असताना, नोहेआने पाली मोजल्या. सात.

आठवीच्या जागी पांढरं कापड. सुईचं भोकसुद्धा नाही.

"धुताना गेली असेल," नवरा माकाना म्हणाला.

"अजून धुतलीच नाहीये!"

"मग तूच कमी शिवली असशील. झोप कुठे होते तुझी?"

पुढच्या दुपारी सहा. मग पाच. माकाना अंग खाजवायचं थांबवून म्हणाला, "घरातले डास मात्र कमी झालेत हं." नोहेआने त्याला उशी फेकून मारली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. काएओ आता छताकडे बघून हात हलवायचा, खुदखुदायचा. छतावर काही नसायचं.

गोधडी काढून घेतली तर तो रडून निळा व्हायचा. म्हणून नोहेआने उरलेल्या पालींना दुहेरी दोऱ्याने आवळून टाकलं. दुसऱ्या दुपारी त्याही गेल्या होत्या. एकीची शेपटी तेवढी राहिली होती, टाक्यांत घट्ट अडकलेली.

तिने किंकाळी दाबली. तेवढ्यात दाराशी खुट्ट झालं. बारीक कात्री हातात घेऊन, चोरपावलांनी आंटी आत येत होत्या.

"आंटी! म्हणजे तुम्ही?"

"मग काय करू? तू ऐकतेस का? तू स्वयंपाकघरात गेलीस की मी येऊन उसवायचे."

नोहेआ हसत सुटली. आंटीही हसल्या. दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "मला वेड लागायची वेळ आली होती! शेपटी तरी कशाला ठेवलीत?"

आंटींचं हसू थांबलं. "कुठली शेपटी? मी अर्धवट काम करत नाही, पोरी."

त्यांनी खिशातून पाली काढून पलंगावर ओळीने मांडल्या. तीन होत्या. तिन्हींना शेपट्या होत्या.

"आणि बाकीच्या?"

"तू दुहेरी टाके घातलेस तेव्हापासून मी हातच लावला नाही. आज आले ती उरलेल्या काढायला." आंटींनी गोधडी उलटीपालटी केली. "मला वाटलं, त्या तूच काढल्यास."

पाळण्यात काएओ जागा झाला होता. छताकडे बघून त्याने हात हलवला, आणि या वेळी काहीतरी पकडल्यासारखी मूठ मिटली.

वाढदिवस छान झाला. गोधडीवरच्या मोकळ्या जागांचं तर बायकांनी फार कौतुक केलं. पण तेव्हापासून फोन कुणाचाही येवो, नोहेआ आधी एकच विचारते: "बाळ कुठे आहे? झोपलंय? कुणी बघितलंय?" तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. हे वाचत बसला आहात खरे, पण पलीकडच्या खोलीत तुमचं लेकरू झोपलं असेल, तर तेवढं एकदा जाऊन बघून या. पांघरुणावर काय आहे ते बघाच. आणि कालच्यापेक्षा काय कमी आहे, तेही.