सोफ्याच्या दुकानात हाय प्रेसिंग

फुटबॉलमधलं मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या क्लबच्या प्रशिक्षकाला कळत असतं, तर क्लबची आज ही दशा झाली नसती! हे मी नाही म्हणत, माझी बायको म्हणते. म्हणजे तिचे शब्द जरा वेगळे असतात. ती म्हणते, "एवढं कळतं तर जा ना तिकडेच!" पण अर्थ तोच.

मी सोफ्यांच्या एका मोठ्या दुकानात सेल्समन आहे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला करड्या रंगाचा ऐसपैस सोफा दिसतो, त्याच्याशेजारी माझी जागा. आमच्या दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्याच्या सोफ्यावर टेकेल, ते त्याचं. मग बाकीचे त्याला कितीही उशा दाखवोत, कापडाचे नमुने दाखवोत, विक्री त्याच्याच नावावर लागते. हा नियम मीच भांडून करून घेतला. कारण उघड आहे! बाहेरून दमून आलेला माणूस आधी कुठे टेकणार? दाराजवळच ना? त्यामुळे मी हलत नाही. हलायची गरजच काय?

दुपारी जेवणानंतर दुकानात चिटपाखरू नसतं. तेव्हा आम्ही मागच्या नमुन्याच्या खोलीत जमतो. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायला अख्खा दिवाणखाना मांडलाय, आणि त्यातला टीव्ही मात्र खराखुरा आहे. आम्ही म्हणजे मी, आमचा टेम्पोवाला आणि माझा साडू. हो, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा! त्याला इथे मीच चिकटवला. सासऱ्यांनी शब्द टाकला, मी मोडू शकलो नाही. आता भोगतोय.

त्या दुपारी आदल्या सामन्याची क्षणचित्रं चालू होती आणि आमचा लाडका स्ट्रायकर नेहमीसारखा कमरेवर हात ठेवून उभा होता. मी त्याला खांब म्हणतो.

"बघ, बघ!" मी टीव्हीवर बोट आपटलं. "समोरच्याचा बचावपटू ह्याच्या नाकासमोर बॉल घेऊन उभाय, आणि हा काय करतोय? केस सारखे करतोय!"

"गोल करतो ना पण," साडू म्हणाला. तो बोलताना डोळे पूर्ण उघडत नाही. त्याला ते जड जातं.

"कधी केला शेवटचा? आठव! थंडी होती का उन्हाळा?"

"भाऊ, त्याचा कॉन्फिडन्स गेलाय हो," टेम्पोवाला कळवळून म्हणाला. ह्या माणसाला सगळ्यांची दया येते. "लोकांनी हुर्यो उडवली की माणूस खचतो. माझंच बघा ना. तुम्ही मागे उभं राहून 'डावीकडे घे, डावीकडे घे' म्हणून ओरडता, तेव्हा मला टेम्पो रिव्हर्स घेता येत नाही. एरवी येतो."

"अरे, कॉन्फिडन्स गेला तर पायही जातात का? पळायला काय कॉन्फिडन्स लागतो? कुत्रं मागे लागलं की तू विचार करतोस का, आज माझा कॉन्फिडन्स कसाय?"

"स्ट्रायकरने पळायचं नसतं," साडू म्हणाला. "त्याने योग्य जागी असायचं असतं."

"योग्य जागी तर गोलपोस्टही असतो! त्याला देतात का एवढा पगार?"

टेम्पोवाला हसला. मला चेव चढला. मी उठून त्या खोलीतल्या टीपॉयवर चहाचे कप मांडले आणि हाय प्रेसिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बॉल समोरच्याकडे असला की त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही! वळला की आपण समोर! मागे फिरला की आपण मागे! "बॉल आपल्याकडे नसताना माणूस काय करतो," मी कप नाचवत म्हणालो, "त्यावरून त्याची लायकी कळते!"

"वा!" दारातून आवाज आला.

मालकीणबाई उभ्या होत्या. साडू झटकन उठला. म्हणजे त्याने उठायला सुरुवात केली.

"अगदी बरोबर बोललात," बाई मला म्हणाल्या. "हेच मी इतकी वर्षं सांगतेय. गिऱ्हाईक फिरत असतं आणि आपली माणसं खांबासारखी उभी!" मी साडूकडे जळजळीत कटाक्ष टाकला. बाई माझ्याकडे बघत होत्या, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही. "शनिवारी एक डॉक्टरीणबाई येणारेत. नवा दवाखाना काढताहेत. वेटिंग रूमला सोफे हवेत, मोठी ऑर्डर आहे. तुमचं ते प्रेसिंग शनिवारी दाखवा. आणि एक सांगून ठेवते, वरच्या मजल्याला मला इन्चार्ज नेमायचाय. ही ऑर्डर ज्याच्या नावावर लागेल, तो वर बसेल."

वरचा मजला! तिथे एसी आहे, स्वतःची केबिन आहे आणि गिऱ्हाईक चढून येईपर्यंत इतकं दमलेलं असतं की घासाघीस करत नाही. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. "जवळजवळ झालंच समज," असं म्हणालो. तिने त्यातलं 'जवळजवळ' तिथेच गाळलं आणि बहिणीला फोन लावला.

"अगं, ह्यांना इन्चार्ज केलं! हो ना! आता तुझ्या ह्यांना रजा हवी असली तर आमच्या ह्यांना विचारावं लागेल, नाही का? नाही नाही, ह्यांचा स्वभाव तसा नाही, देतील हो!"

मग आईला फोन. मग मावशीला. मग काकूला, जिच्याशी ती गेली दोन वर्षं बोलत नव्हती. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावूनही झालं. मी म्हटलं, "अगं, शनिवार तर जाऊ दे!" ती म्हणाली, "का? तुम्हालाच खात्री नाही का?" आता ह्यावर नवऱ्याने काय बोलावं? मी म्हटलं, "खात्री आहे."

मनात मात्र हिशेब मांडला. ऑर्डर हुकली तर माझ्या तोंडावर हसायला अख्खं सासर माझ्याच घरी, माझ्याच ताटात जेवत असणार होतं.

शनिवारी सकाळी मी व्यूहरचना समजावली. मी आघाडीवर. टेम्पोवाला उजव्या बाजूने गादी उभी धरून सरकत येईल, म्हणजे डॉक्टरीणबाईंना तिकडून निसटता येणार नाही. आणि साडू? त्याला मी सगळ्यात मागे, जिन्याखालच्या कोपऱ्यात धाडलं. तिथे विटकरी रंगाचे सोफे कधीपासून धूळ खात पडले होते. कोणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. "मागची बाजू सांभाळ," मी म्हटलं. "आणि कृपा करून पुढे येऊ नकोस!"

"बरं," तो म्हणाला. त्याला इतकं आनंदाने काम स्वीकारताना मी प्रथमच पाहिलं.

डॉक्टरीणबाई आल्या. साठीच्या, बारीक चणीच्या, हातात पर्स. आत आल्या, हुश्श केलं आणि माझ्या करड्या सोफ्याकडे वळल्या. आता बसणारच होत्या! एरवी कुठल्याही दिवशी मी नुसता हसून उभा राहिलो असतो आणि सामना तिथेच संपला असता. पण आज प्रेसिंग होतं ना!

"नमस्कार, या, या!" मी झेपावलो. "हा सोफा कशाला, ह्याच्याहून चांगला दाखवतो!"

बिचाऱ्या अर्ध्या वाकलेल्या सरळ झाल्या. मी त्यांना हिरव्याकडे नेलं. त्या टेकणार, तेवढ्यात मी गादी उचलून आतला फोम दाखवला. निळ्याकडे गेलो. त्या वाकल्या, मी उशी फिरवली. त्या वळल्या की मी समोर! मागे फिरल्या की मी मागे! श्वास घेऊ दिला नाही!

"मी जरा एकटी बघू का?" त्या म्हणाल्या.

बचाव खिळखिळा झाला! मी मनात म्हटलं आणि दाब वाढवला. पुढचा सोफा उलगडून पलंग होणारा होता. "एका हाताने उघडतो बघा!" म्हणून मी पट्टा खेचला. उघडला. इतका उघडला की समोरच्या रिक्लायनरवर आदळला, रिक्लायनरचा पायठेवा खाडकन वर आला आणि माझ्या नडगीवर बसला! मी एका पायावर नाचत "बघा किती मजबूत आहे!" म्हणालो. डोळ्यांत पाणी होतं.

त्या घाबरून उजवीकडे निघाल्या. तिकडून गादी आली! गादीच्या मागे टेम्पोवाला होता, पण त्याला काही दिसत नव्हतं.

"डावीकडे घे!" मी ओरडलो. "अरे, डावीकडे!"

झालं! त्याचा कॉन्फिडन्स गेला. तो उजवीकडे गेला, दिव्यांच्या स्टँडला धडकला, स्टँड पडद्याच्या नमुन्यांवर, नमुने माझ्या अंगावर! मी पडद्यातून तोंड बाहेर काढेपर्यंत डॉक्टरीणबाई गायब!

मी लंगडत दुकानभर शोधलं. मालकीणबाईही केबिनमधून धावत आल्या. आणि जिन्याखाली बघतो तर काय! विटकरी सोफ्यावर माझा साडू पाय ताणून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला! आणि त्याच्याशेजारी डॉक्टरीणबाई वाकून, त्याचं मनगट हातात धरून घड्याळाकडे बघताहेत!

"मला वाटलं ह्यांना चक्कर आली," त्या हळूच म्हणाल्या. "पण नाडी अगदी शांत आहे. इतकी शांत नाडी मी फार वर्षांनी पाहिली! कधीपासून झोपलेत?"

मी म्हटलं, आता साडूची नोकरी गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, थोडंसं बरंही वाटलं. मालकीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुम्ही!" त्या गरजणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! उठवू नका त्यांना." आणि त्या साडूशेजारी बसल्या. टेकल्या! त्या दुकानात आल्यापासून पहिल्यांदा! डोळे मिटून त्यांनी मान मागे टाकली. "अहाहा! माझ्याकडे पेशंट तासन्‌तास ताटकळतात हो, आणि मग माझ्यावरच खेकसतात. मला असाच सोफा हवा. एवढ्या गोंधळात ज्यावर माणूस झोपू शकतो! किती आहेत तुमच्याकडे?"

"आहेत तितके!" मालकीणबाई एकदम लोण्यासारख्या मऊ झाल्या.

"सगळे द्या."

"बाई," मी पुढे सरकलो, "गिऱ्हाईक सुरुवातीपासून माझं होतं. मी इतका वेळ..."

"कुठे टेकल्या त्या?" मालकीणबाईंनी विचारलं.

मी वाकून नडगी चोळली.

"नियम कोणी करून घेतला होता?"

मी दुसरीही नडगी चोळली. तेवढ्यात साडूने एक डोळा अर्धा उघडला, सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, आल्या का डॉक्टरीणबाई?"

संध्याकाळी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मेहुणीने बहिणीला फोन केला होता. नुसता केला नव्हता, पुरवून पुरवून केला होता. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"उद्याचं जेवण रद्द करूया का?" मी दारातून विचारलं.

"रद्द कशाला?" ती वळली नाही. "माणसं तीच, निमित्तही तेच. फक्त नाव बदललंय."

मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी फजिती मी कशीही पचवली असती हो, पण तिने त्या काकूलासुद्धा फोन केला होता!

रविवारी सगळे जमले. साडू बाहेरच्या खोलीत मधोमध बसला. पाव्हणेमंडळी येऊन त्याचा हात हातात घेत होती आणि तो अर्ध्या डोळ्यांनी हसत होता. मी पानं मांडली, पाणी भरलं, खुर्च्या आणल्या, कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या, काकूंना पंख्याखाली बसवलं, त्यांना वारा लागला म्हणून उठवून दुसरीकडे बसवलं. बायको आत वाढत होती आणि मी आतबाहेर करत होतो. एक घास पोटात नव्हता.

सासरे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. ते जुने फुटबॉलवाले. तरुणपणी गोलकीपर होते, असं ते सांगतात.

"धाकट्या जावयांकडे बघा," शेवटी ते काकूंना म्हणाले, चांगले मोठ्याने. "चेहऱ्यावर काय आत्मविश्वास आहे! आणि हे आमचे थोरले. पळतात फार बिचारे, मेहनतीत कसूर नाही. पण गोलजवळ गेले की गडबडतात!"

सगळे हसले. बायकोसुद्धा! ते मात्र मला बरं वाटलं, कारण कालपासून ती हसली नव्हती. तरी हा धडधडीत अन्याय होता, आणि मी सासऱ्यांना हाय प्रेसिंगचा मुद्दा नीट समजावून सांगणारच होतो. पण काय करता, साडूचा ग्लास रिकामा झाला होता!