पेशीतल्या मालाचा गेटपास

जगात कोणताही माल वेळेवर पोहोचत नसतो, तो नियमानुसार पोहोचतो. आमची संशोधन संस्था याच तत्त्वावर उभी आहे आणि तिच्या गेटपास समितीचा सचिव म्हणून मला त्याचा रास्त अभिमान आहे. गेल्या वर्षी समितीने चारशे बारा वस्तू फाटकावर अडवल्या. (एक शिडी निसटली. ती समितीच्याच खोलीतली होती.)

तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधक बाईंचा अर्ज आला, तो अशा वातावरणात. त्यांच्या पेशींत तयार होणारी प्रथिनं आतल्या पार्सल खात्यातच तुंबली होती. हा माल बारीक पिशव्यांतून पेशीच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत जायला हवा; पण पडदे पडले ताठ, पिशव्या सुटेचनात. पडदा चरबीचा असतो. सरळ शेपटीची चरबी खेटून बसते आणि हलायचं नाव घेत नाही. वाकड्या शेपटीची कोपरं पसरून बसणाऱ्या पाहुण्यासारखी, त्यामुळे सगळंच जरा सैलावतं. बाईंना या वाकड्या शेपटीच्या चरबीची एक बाटली हवी होती. शुक्रवारपर्यंत माल हलला नाही, तर तीन वर्षांचं काम पाण्यात आणि नोकरीही गेली, असा मामला होता.

अर्जात ‘माल आतून बाहेर नेणे’ असे शब्द होते. समितीने तत्परतेने दर पिशवीमागे गेटपास मागितला, तीन प्रतींत.

“अहो, एका पेशीत मिनिटाला शेकडो पिशव्या सुटतात!” बाई म्हणाल्या.

“मग छापील फॉर्मच घेऊन जा,” भांडारप्रमुख म्हणाले. हे समितीच्या अध्यक्षांचे मेहुणे. (त्यांची नेमणूक पात्रतेवर झाली आहे. ती कोणती, हे कागद सापडले की कळवू.)

गुरुवारी बाईंनी शेजारच्या प्रयोगशाळेतून बाटली आणली आणि सरळ पेशींना पाजली. शुक्रवारी सकाळी माल पडद्यावर हजर! नोकरी वाचली. मला, खरं सांगतो, फार आनंद झाला. तो आवरून मी कारणे दाखवा नोटीस टाइप केली.

बाई नोटीस घेऊन बैठकीत आल्या. “साहेब, यावर सही करताना तुमच्या बोटांतूनच कोट्यवधी पिशव्या इकडच्या तिकडे गेल्या. त्यांचे गेटपास कुठायत?”

अध्यक्षांनी हात टेबलाखाली घेतला. मेहुण्यांनी दोन्ही घेतले. दीर्घ चर्चेअंती बाईंची नोटीस रद्द झाली, कारण प्रकार सार्वत्रिक असल्याचं निष्पन्न झालं होतं.

सबब, वाचकहो, आपणांस कळवण्यात येते की हा मजकूर वाचता वाचता आपण आपल्या अंगात विनापरवाना वाहतूक चालू ठेवली आहे. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा आणि तो मंजूर होईपर्यंत आतली सर्व वाहतूक बंद ठेवावी. (मागे एका गृहस्थांनी ती ठेवली होती. पुढचा पत्रव्यवहार आता त्यांच्या सूनबाई बघतात.)